तळे राखी तो पाणी चाखी : गावच्या मातीच्या बांधाची निगा

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात वर्षाचा सारा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास भरतो. तोही चार महिन्यांत सारखा विभागून पडत नाही. त्यातील मोठा वाटा थोड्याच जोरदार सरींत येऊन जातो. उताराच्या माळावर पडलेले पाणी नाल्यात, नाल्यातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत काही घटकांत निघून जाते आणि जाताना शेतातील कसदार माती बरोबर नेते. मग माघ-फाल्गुनात त्याच गावच्या विहिरी तळ गाठतात आणि वैशाखात टँकरची वाट पाहण्याची पाळी येते. हे पाणी शिवारातच अडवावे, जमिनीत मुरवावे आणि गरजेच्या वेळी हाती यावे, यासाठी जे उपाय आहेत, त्यांत नाल्यावरील लहान मातीचा बांध हा फार जुना आणि गावाच्या आवाक्यातील उपाय होय.

परंतु बांध पुरा झाला म्हणजे काम संपले, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः तेथे अर्धेच काम संपते. शेताच्या तालीला जसा दरसाल हात लावावा लागतो, तसाच तो मातीच्या बांधालाही लावावा लागतो. बांध राखावयाचा म्हणजे तीन गोष्टी राखावयाच्या : बांधाचे अंग, तळ्याचा तळ आणि पाण्याची वाटणी. या तिन्हींपैकी एकीकडे दुर्लक्ष झाले, तरी उरलेल्या दोहोंवर केलेले श्रम वाया जातात.

लहान बांधाचा हिशेब

एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे १० घनमीटर, अर्थात दहा हजार लिटर पाणी पडते. हे माप प्रत्येक शेतकऱ्याने ध्यानी ठेवण्यासारखे आहे. समजा, एखाद्या नाल्याचे पाणलोट क्षेत्र १०० हेक्टर आहे आणि तेथे वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस होतो. या क्षेत्रावर पडणारे एकूण पाणी ५ लाख घनमीटर होईल. त्यातील केवळ दहावा हिस्सा नाल्याने वाहून येतो असे धरले, तरी ते ५० हजार घनमीटर, म्हणजे पाच कोटी लिटर भरते.

एक हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर प्रमाणे रोज ५५ हजार लिटर पाणी लागते. उन्हाळ्याच्या १२० दिवसांसाठी ही गरज ६,६०० घनमीटर होते. दोनशे मोठ्या जनावरांना रोज प्रत्येकी ७० लिटर धरल्यास तेवढ्याच दिवसांत आणखी सुमारे १,७०० घनमीटर लागतील. म्हणजे माणसे व जनावरे मिळून गरज ८,३०० घनमीटरची आणि नाल्याने जाणारे पाणी त्याच्या सहापट. ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, त्याच गावातून पावसाळ्यात एवढे पाणी निघून गेलेले असते. हे आकडे उदाहरणादाखल असले, तरी प्रत्येक गावाला आपल्या नाल्यासाठी हीच रीत वापरून आपला हिशेब मांडता येईल.

बांध कशाच्या बळावर उभा राहतो

लहान मातीच्या बांधाचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात पाणी साठवून पाटाने शेतास द्यावयाचे असते. दुसरा पाझर तलाव. त्यातील पाणी तळातून मुरूम व झिजलेल्या खडकात उतरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागावे, असा त्याचा हेतू असतो. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः या वरच्या झिजलेल्या थरात व खडकाच्या भेगांतच साठते. म्हणून पाझर तलावाची जागा निवडताना खालची जमीन पाणी घेणारी आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. तथापि दोन्ही प्रकारांस एक नियम सारखाच लागू आहे : तळातून पाणी मुरले तर चालेल, पण बांधाच्या अंगातून ते माती घेऊन वाहता कामा नये.

यासाठी बांधाच्या मध्यभागी चिकण मातीचा गाभा असतो आणि दोन्ही अंगांनी मुरमाड मातीचे कवच. गाभा पाणी अडवितो, कवच गाभ्याला आधार व संरक्षण देते. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात भेगाळतो आणि पहिल्याच पुरात त्या भेगांतून पाणी वाट काढते. पायाच्या जागेवरील गवत, मुळ्या व सैल माती काढून टाकून चर खणावयाचा आणि तोही चिकण मातीने भरावयाचा, म्हणजे बांधाचा गाभा जमिनीत रुतून बसतो. माती एकदम ओतून ढीग करू नये. पंधरा ते वीस सेंटिमीटर जाडीचा थर पसरावा, त्यावर बेताचे पाणी शिंपडावे आणि रोलरने, जेथे रोलर पोचत नाही तेथे धुम्मसने, चांगली दाबाई करावी. मातीचा ओलावा योग्य आहे की नाही, हे हातानेही समजते. मूठभर माती दाबली असता गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. पाण्याकडील उतार अधिक पसरट ठेवून त्यावर दगडी पिचिंग करतात, कारण लाटा मातीला सतत चाटत असतात.

या सर्वांहून महत्त्वाचा भाग म्हणजे सांडवा. दगडी बंधाऱ्यावरून पाणी वाहिले तर तो बहुधा टिकतो; मातीच्या बांधावरून पाणी वाहू लागले, की तो काही वेळातच खचतो. म्हणून पुराचे जादा पाणी टणक मुरमातून किंवा खडकातून वळवून सुखरूप बाहेर काढावे लागते. सांडवा हा बांधाचा श्वास आहे; तो कोंडला तर बांध जगत नाही.

गळक्या तलावाची कथा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पर्जन्यछायेत येते. सैन्यातून निवृत्त झालेले अण्णा हजारे १९७५ साली गावी परतले, तेव्हा गावात पाझर तलाव होता. पण त्यात पाणी ठरत नव्हते. पावसाळा संपताच तलाव कोरडा पडे आणि विहिरींना त्याचा उपयोग होत नसे. नवा तलाव मागण्याऐवजी जुना दुरुस्त करावा, असा निश्चय गावाने केला. ग्रामस्थांनी श्रमदानाने बांधाची गळती काढली. त्यानंतर तलावात पाणी टिकले आणि खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी राहू लागले.

पुढे गावाने नाल्यांवर आणखी बांध घातले, डोंगरउतारावर चर काढले, झाडे लावली आणि चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळली. या क्रमात एक शहाणपण आहे. वरचा डोंगर उघडा राहिला, तर खालच्या तळ्यात पाण्याबरोबर माती येते आणि पाच-दहा वर्षांत तळे उथळ होते. बांधाचे आयुष्य बांधापासून नव्हे, तर माथ्यापासून सुरू होते. म्हणूनच पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावयाचे असते. आणि या गावाच्या अनुभवातील पहिला धडा तर अगदी साधा आहे. गावात जो बांध आहे, तो पाणी धरतो का, हे आधी पाहावे. नव्याचा ठराव त्यानंतर करावा.

बांधाचे अंग : काय पाहावे, काय करावे

बांधावर उगवलेली बाभळीची व लिंबाची रोपे सावलीसाठी राखण्याचा मोह होतो. तो टाळावा. मोठ्या झाडाची मुळे बांधात खोल शिरतात. झाड वाळले, की मुळे कुजून आत बोगदे राहतात आणि पाणी त्या वाटेने जाते. रोपटी लहान असतानाच उपटावीत. दाट मुळांचे गवत मात्र अवश्य वाढवावे. ते माती धरून ठेवते. उंदीर, घुशी, खेकडे व साळिंदर यांची बिळे खणून, ओल्या मातीचे थर धुम्मसून बुजवावीत. वरवर माती लोटल्याने बीळ बुजत नाही, केवळ झाकले जाते. गुरांची व गाड्यांची वाट बांधावरून पडली असल्यास ती वळवावी, कारण चाकोरीत साचलेले पाणी पुढे घळ पाडते.

कोरड्या बाजूच्या पायथ्याशी पावसाळ्यात ओल दिसली, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु तिकडे डोळेझाकही करू नये. पाझरणारे पाणी स्वच्छ आहे की गढूळ, हे काचेच्या भांड्यात घेऊन पाहावे. स्वच्छ पाणी थोडेच आणि नित्य एवढेच येत असेल, तर खूण करून रोज लक्ष ठेवावे. पाणी गढूळ येऊ लागले, किंवा एका दिवसात त्याचा प्रवाह वाढला, तर बांधाच्या पोटातील माती वाहत आहे, असे निश्चित समजावे. अशा वेळी खालच्या बाजूने चिकण माती लिंपून झरा बंद करण्याचा प्रयत्न करू नये. कोंडलेले पाणी दुसरीकडून अधिक जोराने फुटते. त्या जागी प्रथम वाळू, तिच्यावर खडी आणि वर दगड असे थर रचावेत, म्हणजे पाणी निघते व माती अडते. त्याच वेळी विमोचक उघडून तळ्याची पातळी उतरवावी, तालुक्याच्या अधिकाऱ्यांना तत्काळ कळवावे आणि बांधाखालच्या वस्तीला हलविण्यास एक घटकाही दवडू नये.

ही सूचना अतिशयोक्तीची नव्हे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे येथील मातीचे धरण मुसळधार पावसात फुटले. खालच्या भेंदवाडीतील घरे झोपेतल्या माणसांसह वाहून गेली आणि अनेकांचे प्राण गेले. धरणाला गळती असल्याच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधी केल्या होत्या. लहान धरण म्हणजे लहान धोका, असा अर्थ कोणी करू नये. धोक्याचे माप बांधाच्या उंचीवर जितके अवलंबून असते, तितकेच ते खाली कोण झोपले आहे यावर असते. म्हणून गळतीची तक्रार तोंडी न ठेवता ग्रामसभेच्या वहीत तारखेनिशी नोंदवावी, लेखी पाठवावी, पोच घ्यावी आणि काम होईपर्यंत पाठपुरावा करावा.

आणखी एक घातक चाल अनेक गावांत दिसते. पाणी थोडे जास्त साठावे म्हणून सांडव्यावर वाळूची पोती, दगड किंवा फळ्या रचतात. त्या हातभर पाण्यापायी पूर सांडव्याऐवजी बांधाच्या माथ्यावरून जातो आणि एका रात्रीत सारे तळे रिकामे होते. सांडव्याची उंची मनाने वाढविणे, त्यात पीक घेणे, किंवा त्याच्या वाटेत घर अथवा गोठा बांधणे, या गोष्टी गावानेच थांबविल्या पाहिजेत.

तळ्याचा तळ : झाडीपट्टीचा अनुभव

बांधाचे अंग शाबूत असूनही तळे हातचे जाऊ शकते, हे पूर्व विदर्भात पाहावयास मिळते. तेथील हवामान दुष्काळी पट्ट्याहून वेगळे आहे. पाऊस हजार मिलिमीटरहून अधिक आणि मुख्य पीक भाताचे. तरीही भात पोटरीत असता पावसाने ताण दिला, तर हंगाम बुडतो. यासाठी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत गोंड राजांच्या काळापासून मातीचे तलाव बांधण्यात आले. या कामात कोहळी समाजाचे कसब विशेष नावाजलेले आहे. हे तलाव पुढे मालगुजारी तलाव किंवा 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. चढापासून उताराकडे एकाखाली एक असे ते रचलेले असत, जेणेकरून वरच्याचे सांडलेले पाणी खालच्यास मिळावे.

मालगुजारी १९५१ साली संपुष्टात आली आणि तलाव सरकारकडे गेले. पुढे जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्यांतील बहुसंख्य त्यांच्याकडे आले. मालगुजारीत अन्याय होता, त्यामुळे ती गेली हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर दरसाल बांधावर माती टाकण्याची, पाट उकरण्याची व तुडुमाची, म्हणजे पाणी सोडण्याच्या दाराची, देखभाल करण्याची जी रीत होती, तिला नवा धनी लगेच मिळाला नाही. तलाव सर्वांचा झाला आणि राखण कोणाचीच राहिली नाही. गाळ साचला, बेशरमीची झुडपे पसरली, काठांवर अतिक्रमणे झाली. ज्या ढिवर कुटुंबांची उपजीविका मासोळीवर होती, त्यांच्या जाळ्यातील मासे घटले. अलीकडे काही गावांत ढिवर स्त्री-पुरुषांनीच पुढे होऊन बेशरम उपटली, पाणवनस्पती लावल्या व तळी जिवंत केली. तळ्यावर ज्याचे पोट आहे, तो ते राखण्यास सर्वांत आधी उभा राहतो, असा या प्रयत्नांचा अर्थ आहे.

गाळ हे तळ्याचे दुखणे असले, तरी हलक्या जमिनीस तो चांगला मानवतो. राज्य शासनाने २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू केली, ती याच विचाराने. मात्र गाळ काढताना काही पथ्ये पाळावीत. बांधाच्या आतील पायथ्याजवळ खणू नये. तेथील आधार गेल्यास बांध घसरतो. साठवण तलावात गाळाखालील मूळ चिकण थर फोडू नये, अन्यथा तळे गळू लागते. पाझर तलावात मात्र गाळाचे बारीक पुट तळाची छिद्रे बुजवून पाणी मुरू देत नाही, म्हणून ते वेळोवेळी खरवडून काढणे फायद्याचे असते. तळ्यातून मुरूम किंवा वाळू काढून विकणे म्हणजे गाळ काढणे नव्हे, हेही स्पष्ट ध्यानी घ्यावे.

पाण्याची वाटणी

बांध मजबूत आहे, तळ स्वच्छ आहे, तळे भरले आहे. तरीही माघात विहिरी आटतात. याचे कारण बहुधा वाटणीत सापडते. वरच्या हिशेबातील ५० हजार घनमीटर पाण्यापैकी निम्मे उन्हाने, सांडव्यावरून व अन्य वाटांनी गेले असे धरू. उरलेल्या २५ हजारांतून माणसांचे व जनावरांचे ८,३०० घनमीटर बाजूला ठेवले, म्हणजे शेतीस १६,७०० घनमीटर राहतात. साडेसात सेंटिमीटरच्या एका पाळीस हेक्टरी ७५० घनमीटर लागतात. त्यानुसार रब्बी ज्वारीस दोन पाळ्या दिल्यास सुमारे ११ हेक्टर पीक हाती येते. हेच पाणी उसास दिले, तर जेमतेम एक हेक्टर ऊस उभा राहतो. एका घरचा ऊस की दहा-बारा घरची ज्वारी, हा प्रश्न शेवटी गावालाच सोडवावा लागतो.

पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे याचे एक उत्तर शोधण्यात आले. १९७२ च्या दुष्काळात अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी या भागातील दैन्य पाहिले. त्यांनी देवस्थानाची ४० एकर माळजमीन खंडाने घेतली, उतारावर बांधबंदिस्ती केली, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर घेतली आणि विहिरीचे पाणी उचलून वरच्या शेतास दिले. ओसाड माळ पिकू लागला. या अनुभवातूनच पाणी पंचायतीची कल्पना पुढे आली. तिचे नियम सुटसुटीत होते. पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, तर माणसांच्या संख्येने द्यावयाचे. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास अधिकात अधिक अडीच एकर भिजेल एवढेच. भूमिहीनांचाही पाण्यात वाटा. जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकावयाचा नाही. उसासारखे पाणीखाऊ पीक घ्यावयाचे नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करावयाचा. पाळ्या देण्यासाठी पाटकरी नेमलेला असे, त्यामुळे रात्री-बेरात्री बांधावर भांडणे होत नसत.

हे सर्व नियम प्रत्येक गावास जसेच्या तसे लागू पडतील, असे नाही. परंतु नियम असावेत, ते पाणी येण्याआधी ठरावेत आणि सर्वांना सारखे असावेत, यात दुमत होऊ नये. अहिल्यानगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावी पडलेल्या पावसाचे व विहिरींच्या पातळीचे मोजमाप करून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून रब्बीची पिके ठरतात. पाऊस कमी, तर पाण्याचे पीक कमी. शेतासाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही, हाही तेथील दंडक आहे, कारण तळ्याने मुरविलेले पाणी एकट्याने खोलवरून उपसले, तर शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते.

वर्षभराचे काम

बांधाच्या राखणीस मोठा पैसा लागत नाही. वेळच्या वेळी हात लागावा लागतो. वैशाखात तळे आटलेले असते, तेव्हा गाळ काढावा, बिळे व भेगा बुजवाव्यात, पिचिंगचे निसटलेले दगड बसवावेत आणि बसून खाली गेलेला बांधाचा माथा माती घालून पूर्ववत करावा. मृगापूर्वी सांडव्याची वाट मोकळी करावी व विमोचकाचे दार चालवून पाहावे. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या पावसानंतर दोघांनी बांधाच्या पायथ्याने चालत जावे. नवा बांध प्रथमच भरत असेल, तर रोज जावे. आश्विनात पाऊस सरताच पाण्याची पातळी मोजावी आणि ग्रामसभेत पिण्याचे पाणी आधी राखून मग रब्बीचे क्षेत्र ठरवावे. पुढे दर महिन्यास तळ्याची व निदान चार विहिरींची पातळी एका वहीत लिहावी. तीन-चार वर्षांच्या अशा नोंदी झाल्या, की कोणता बांध पाणी मुरवितो व कोणता नुसताच उभा आहे, हे आपोआप उघड होते.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने या कामी दोन माणसे नेमून घ्यावीत. एक बांधाखाली ज्याचे घर आहे असा, आणि दुसरा ज्याची विहीर तळ्याच्या पाण्यावर चालते असा. पहिल्यास धोका लवकर दिसेल, दुसऱ्यास लाभ. नोंदवहीच्या पहिल्या पानावर या दोघांची नावे लिहावीत, म्हणजे बांधाला धनी मिळाला असे होईल. पुढील पाने भरण्याचे काम पहिल्या पावसापासून सुरू व्हावे.